पळसदेवचं पुसट घर

भिगवण मागे पडलं आणि एसटीच्या खिडकीतून उजनीचं पाणी दिसायला लागलं. उन्हाळ्यामुळे ते बरंच मागे सरलं होतं. सकाळच्या धुरकट उजेडात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळेना. माझ्या मांडीवर दोन नळकांडी होती. एकात तात्यांच्या वडिलांनी, आबांनी रंगवलेलं जुन्या पळसदेवचं चित्र, दुसऱ्यात मी केलेली त्याची नक्कल.

धरणात बुडालेल्या गावाची तात्यांच्या घराण्याकडे तेवढीच खूण. सहा महिने नव्या पळसदेवला तात्यांकडे, सहा महिने अंथुर्ण्याला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, असं ते चित्र वर्षानुवर्षं गुंडाळून एसटीनं फिरत होतं. आता कागद फाटायला लागला होता. म्हणून ठरलं, अस्सल थोरल्या भावाकडे राहील आणि बहिणीला नक्कल. इंदूमावशी "चालंल की" म्हणाल्या होत्या, पण माझ्याकडे न बघता.

ही नक्कल मशीनची नव्हे. चीनमध्ये दोन वर्षं राहून मी 'मुबान श्वेयिन' (लाकडी ठशांनी पाण्याच्या रंगातली छपाई) शिकले. एकेका रंगाचा वेगळा ठसा कोरायचा, त्याला रंग लावायचा, वर ओलसर कागद टेकवायचा आणि पाठीमागून काथ्याच्या गादीनं घासायचं. या चित्राला एकवीस ठसे लागले. तिथले गुरुजी बजावायचे, "चित्रकाराची चूक असली तर चूकही कोर. तू दुरुस्त करणारी कोण?" पण मी कसली ऐकते!

तात्या फाट्यावर घ्यायला आले होते. "जय भीम, ताई. आदी जेवा. चित्र काय पळून चाललंय व्हय?"

तळलेली चिलापी (उजनीतला मासा) आणि ज्वारीची भाकरी खाऊन माझे डोळे जड झाले. ओसरीवरून पाण्याबाहेर आलेलं जुनं देऊळ दिसत होतं. तेच देऊळ चित्रातही. बघता बघता मला वाटायला लागलं, आपणच त्या कागदात बसलोय.

तात्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी अंथरली. बोट नकलेवरून हळूहळू चाललं. देऊळ, चिंच, घाट. खालच्या कोपऱ्यात थांबलं.

"हितलं घर कुठं गेलं?"

अस्सल चित्रात तिथे फिकट तपकिरी ठिपका होता. चहाचा डाग समजून मी तो गाळला होता.

"आबांनी समदं गाव रंगवलं," तात्या म्हणाले. "आपल्या घरापाशी आलं अन् हात चालंना. कुंचला ठिवला, नुसतं बोट टेकवलं. ते आमचं घर हाय, ताई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिशवीत नासपतीच्या लाकडाचा तुकडा होता. ओसरीतच बसून नखाएवढा ठसा कोरला, मेणानं पाटावर चिकटवला. रंग कालवायला तात्यांनी धरणाचं पाणी तांब्यातून आणलं. "त्यातच हाय की घर," ते म्हणाले.

पहिला ठिपका फार गडद आला. "आजून पुसट," तात्या म्हणाले. चिठोऱ्यावर चौथ्यांदा जमला. मग नकलेचा कोपरा ओलसर केला आणि ठशावर टेकवला. उचलला, तर रंग कागदात हलकेच पसरत होता. तात्या डोळे पुसत बघत राहिले.

"ह्ये मी ठिवतो," ते म्हणाले. "जुनं इंदूला न्या."

"तात्या, अस्सल ते आहे."

"आसंल. पर त्या घरातनं आमी उठून आलो. ह्ये माज्यासमोर बांधलं."

इंदापूरहून बारामतीची गाडी धरली आणि वाटेत अंथुर्ण्याला उतरले. इंदूमावशींनी चित्र उलगडलं. नक्कल समजूनच. त्यांचं बोट थेट कोपऱ्यात गेलं आणि तिथंच राहिलं.

"ह्ये तर आबांचं हाय," त्या म्हणाल्या.

बारामतीला पुण्याची गाडी मिळाली. गुरुजींचं वाक्य मला चाळिशीत, एका ओसरीवर कळलं, याची लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. पिशवीत तो ठसा होता. निघताना मी तो तात्यांना देऊ केला, तर त्यांनी परत माझ्याच हातात ठेवला होता.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. कागूद काय, फाटतोच. लागंल तवा पुन्ना बांधून द्या."