पंखवाल्या वाघाचं कार्ड

बाईंनी माझं दप्तर टेबलावर उलटं केलं. वह्या पडल्या, पेन्सिलीचा तुकडा पडला, फडक्यात बांधलेली भाकर घरंगळत खाली गेली. सगळा सहावीचा वर्ग बघत होता. मागचा बाक हसला.

कार्ड वहीच्या कव्हरात सापडलं. पंखवाला वाघ. बाईंनी ते माधवीच्या हातात दिलं आणि मला म्हणाल्या, "माफी माग तिची."

माधवी डॉक्टरांची मुलगी. त्या वर्षी नागपुरात च्युइंगमच्या पाकिटात चित्रांची कार्डं यायची. आग ओकणारा अजगर, तीन डोक्यांचा साप, शिंगवाला मासा. माधवीकडे त्यांचा आख्खा अल्बम होता. मधल्या सुट्टीत ती एकेकीला पान उलटू द्यायची. माझी पाळी आली की म्हणायची, "तू लांबूनच बघ."

का, ते मला कळत होतं. आम्ही वस्तीतले, बौद्ध. आई बाजारात संत्री निवडायला जायची.

मी जळायचे. तिचा अल्बम नळाखाली धरावा असं वाटायचं. एकदा खेळाच्या तासाला मी एकटीच वर्गात आले आणि तिच्या दप्तराचं बक्कल उघडलं. पावलं वाजली तशी पळाले. घेतलं काही नाही. पण घेणार होते.

मग सावनेरहून मामा आला. त्यानं गम घेऊन दिला, आणि त्यात निघाला पंखवाला वाघ. माधवीच्या अल्बमात तेवढीच जागा रिकामी होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर कार्ड धरलं आणि म्हटलं, "लांबूनच बघ."

ती रडत बाईंकडे गेली. म्हणाली, बाबांनी कालच आणलेलं कार्ड हिनं चोरलं.

"माझं आहे ते," मी बाईंना सांगितलं. "मामानं गम घेऊन दिला."

"तुमच्याकडे वस्तू कशा येतात, ते शिकवू नकोस मला."

माफी माझ्या ओठांवर आली होती. ते उघडलेलं बक्कल आठवत होतं. वाटलं, आपण चोरच. मग बाईंचं ते वाक्य पुन्हा डोक्यात वाजलं. 'तुमच्याकडे.' बक्कल त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना फक्त माझं घर माहीत होतं.

"नाही मागणार," मी म्हटलं.

माफी मागेपर्यंत व्हरांड्यात उभं राहायची शिक्षा झाली.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. बक्कलाचंही. तिनं विचारलं,

"कार्ड तू घेतलं का वं तिचं?"

"नाही."

"मंग नोको मांगू. पण दुसऱ्याच्या दप्तराले पुन्हा हात लावला, तर मीच मारीन तुले."

मी आठवडाभर व्हरांड्यात उभी राहिले. खिडकीतून फळा दिसायचा, तेवढं उतरवून घ्यायचे. पाय सुजले. सोमवारी बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत ये."

कार्ड परत मिळालं नाही. माधवीनं ते अल्बमात डिंकानं चिकटवून टाकलं होतं. तिच्याजवळून जाताना अजूनही आतून जळायचं. ते मी लपवणं मात्र सोडलं.

पुढे सरकारी कचेरीत लागले. दुसऱ्याची चूक माझ्या नावावर टाकून साहेबानं माफीनामा लिहून मागितला. दोनदा. दोन्ही वेळा मी कोरा कागद परत केला, दोन्ही वेळा बदली झाली. करा तिसऱ्यांदाही बदली, साहेब. ट्रंक भरायला मला एक तास लागतो.