कोथिंबिरीसाठी पासपोर्ट

नातवंडांनो, गेल्या खेपेला अमेरिकेत तुमच्याकडे होते तेव्हाची गोष्ट. तुमची आई कोथिंबीर आणायला निघाली आणि जाता जाता तिने आपला पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

"अगं, परदेशी निघालीस की दुकानात?" मी विचारलं.

"आई, हल्ली असंच," ती हसून म्हणाली. "शहराचे पोलीस म्हणतात, इथे राहायच्या परवानगीचे कागद आम्ही कुणाला विचारणार नाही. राज्य सरकार त्यांच्या बाजूने आहे. कोर्टानेही असं रस्त्यात अडवून विचारायला तूर्त मनाई केलीय. पण वॉशिंग्टनचं केंद्र सरकार म्हणतं, आम्ही विचारणारच."

"म्हणजे तिघे तुझ्या बाजूला आणि एकच विरुद्ध. मग घाबरतेस कशाला?"

"रस्त्यात गाडी थांबवायला त्या एकाचीच माणसं येतात ना!"

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. सत्ता वाटून ठेवली की माणूस सुरक्षित राहतो, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. आता संशय येतो, की वाटणी झाल्यावर प्रत्येकाला आपल्यापुरतं बोलून मोकळं होता येतं. शहराने 'कागद विचारणार नाही' अशी पाटी लावली, कोर्टाने आदेश काढला, त्यांचं काम झालं. पर्स मात्र तुमच्या आईलाच सांभाळावी लागते.

तिने गाडी मागे घेतली. मागच्या सीटवरून तुम्ही दोघं मला हात करत होतात. तुमचा जन्म तिथलाच, म्हणून तुमच्या कागदांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या सकाळी पहिल्यांदा आला, आणि मी उलट हात करायचं विसरूनच गेले.