एका कोयत्याची गोळी

५ नोव्हेंबर. काम: ऊसतोडीला निघालेल्यांचा बीपी तपासणे. माजलगावकडच्या आमच्या गावातून ट्रॅक्टर निघायचे होते, आणि ज्याचा दंड धरावा त्याचा बीपी वाढलेलाच. मी आरोग्यसेविका, त्यामुळे लोकांवर ओरडायचा हक्क मला आहे असं मी धरूनच चालते.

एक बाई ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. खाली न उतरता तिनं वरूनच दंड पुढे केला आणि दुसऱ्या हातानं शेळीचं दावं आवळत राहिली. बीपी चांगलाच चढलेला होता.

"गोळी घेता ना रोज?"

"घेतो की. अर्धी मी, अर्धी मालक."

"कावून?" मी तिच्याच बोलीत ओरडले.

"आमचा कोयता एकच हाय ना, बाई."

नवरा-बायको मिळून एक कोयता, हा मुकादमाचा हिशोब. तिनं तो गोळीलाही लावला होता. मग मी भाषण ठोकलं: अर्ध्या गोळीनं बीपी उतरत नाही, उसाच्या फडात लकवा मारेल. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचा बीपी कवा बघितला?"

"माझा कशाला? मला काहीच होत नाही."

"मलाबी काईच व्हत न्हाई. म्हून तर अर्धी."

अख्खी ट्रॉली हसली. मी तिच्या नवऱ्याचाही बीपी मोजला. तोही चढलेला निघाला. डॉक्टरांना फोन लावून दोघांना आपापल्या गोळ्यांची वेगळी पाकिटं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उपकेंद्रात पोचले, आतून कडी लावली आणि स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला.