आठ घरं आडवी, दोन उभी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर नातीच्या आलेखाच्या कागदावरची घरं मोजली. नरडाण्याजवळच्या आमच्या ओट्यावर, दुपारच्या चहानंतर. नात दहावीला. रेघेचा चढ काढायचा होता, तिला येत नव्हता.

चढ-उतार मला कोणी शिकवायचा नाही. शाळा चौथीपर्यंत, पण जन्मभर गवंडीकाम केलं. गच्चीला उतार देताना आम्ही म्हणतो, दहा फुटाला एक इंच. आडवं आधी, उभं मागून. तोंडात तेच बसलेलं. घरं मोजली, आठ आडवी, दोन उभी. आठाला दोनानं भागलं.

"चार. लिही."

बायको रेघेवर बोट ठेवून बसली होती. सही न येणारी बाई. माझ्याच कामावर घमेली वाहिली तिनं.

"चार? म्हणजे एक पाऊल चालनं का चार पावलं वर? हाई रेघ शे का भित शे? हाई तर लोळी ऱ्हायनी."

नात फिसकन हसली.

"तुला काय कळतं? माप कोण घ्यायचं?"

"माप तुम्ही लिधं. घमेलं लिसन फळीवर मी चढनू. मन्हा गुडघास्ले इचारा."

"घमेली वाहणारीनं घमेली वाहावी," मी म्हणालो.

नातीनं चार लिहिले. ही उठून आत गेली. रागावली की भांडी वाजायची. त्या दिवशी वाजली नाहीत. दिवेलागणीला हाक मारली, तर पडल्या जागी गार.

मुलगा जळगावहून आणि तिचा भाऊ धुळ्याहून येईपर्यंत ठेवायचं ठरलं. मी तिच्याजवळ भिंतीला टेकून बसलो. तेच शेवटचं बोलणं डोक्यात घुमत होतं. पहाटे कधीतरी डोळा लागला असावा. सगळं शिवार बारीक चौकटींचं झालं होतं आणि त्यावरून ती रेघ लांबवर गेली होती. रेघेवरून ही चालली होती, तरुण, डोक्यावर घमेलं. चार पावलं चालायची, तेवढ्यात एक पाऊल वर जायची. धाप नाही, घाम नाही. गप्पा मारत चढावा इतका सोपा चढ. मी खालून मोजत होतो. चार पावलं, एक पाऊल. चार पावलं, एक पाऊल.

म्हणजे पावलाला पाव. मी उलटं भागलं होतं.

जागा झालो तेव्हा उजाडलं होतं. मेहुणा दारात उभा होता.

"तुझ्या बहिणीचं खरं होतं," मी म्हणालो. "मी चुकलो."

"कशात, भाऊजी?"

"रेघेत. चार नाही, पाव."

त्यानं माझा हात धरला. म्हातारा भ्रमला असं वाटलं असेल. वाटू दे. नातीलाही सांगितलं, जमलेल्या बायकांसमोर, मोठ्यानं. जिला सांगायचं तिला सांगायचं राहून गेलं होतं.

बायका तिच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवायला उठल्या. त्यांना म्हटलं, बसा. चूल मीच पेटवली.