टाकीच्या झाकणावरचा साबण

बाबांनी गावाला पोस्टकार्ड टाकून ठेवलं होतं: वैशाखी पौर्णिमेला येतो, स्वतःच्या मोटारीनं येतो. आमचं गाव कुहीच्या पुढे. तिथल्या मोठ्या घरांच्या गल्लीतून बाबा लहानपणी चपला हातात घेऊन चालले होते, आणि ओट्यावरून कोणी हाक मारली तर ती 'अबे' अशीच असायची. त्याच गल्लीतून त्यांना आता गाडी चालवत न्यायची होती. गाडी आधी दोघांनी वापरून सोडलेली का असेना, आमची होती. पौर्णिमा तीन दिवसांवर आली आणि गाडी चार-पाच मैल गेली की गचके खाऊन बंद पडायला लागली.

माझं डोकं तेव्हा लवकर तापायचं, आताही तापतं. अख्खी वस्ती आमच्या अंगणात जमायची आणि निदान एकच, ऊन. "गरमीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन राहिली, पंपावर ओलं फडकं ठेवा." नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. फडकं ठेवलं की गाडी सुरूही व्हायची, मग सगळे त्या फडक्याचं कौतुक करत घरी जायचे. दुसऱ्या चकरेत पुन्हा तेच. मेकॅनिकनं कार्बोरेटर खोलून फुंकला, पंपाचा पडदा बदलला, काही फरक नाही. त्याला मी मनात नाही, चांगलं तोंडावर बोलले. शेवटी आई म्हणाली, "एसटीनं जाऊ नं." त्या रात्री बाबा जेवले नाहीत, आणि मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मी बाबांना उठवलं. थंड हवेत गाडी चालवून पाहू म्हटलं. कामठीच्या रस्त्यावर पाचव्या मैलाला पडलीच बंद.

"आता सांगा, कुठाय ऊन?" मी रस्त्यातच भडकले.

पेट्रोलचा काटा केव्हाच मेला होता, म्हणून गाडी थांबली की बाबा आधी टाकीत कडुनिंबाची काडी बुडवून बघायचे. त्यांनी झाकण फिरवलं आणि फुस्स आवाज झाला. हवा बाहेर आली नव्हती, टाकीनं आत ओढली होती. पेट्रोल भरपूर होतं. जरा थांबून चावी फिरवली तर गाडी सुरू, फडकं नाही की काही नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर वेळी फडक्याच्या आधी झाकण उघडलं जात होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, हवेसाठी दुसरं पाडावं लागतं, हे स्वयंपाकघरातल्या कोणालाही कळतं. मी झाकण उलटंपालटं केलं. हवेचं बारीक भोक होतं, पण ते पिवळट, दगडासारख्या कडक कशानं तरी बुजलेलं.

"हे कोण्या शहाण्यानं केलं?" मी ओरडले, आणि लगेच बाबांसमोर कबूल करावं लागलं. शहाणी मीच. चार दिवसांपूर्वीच पेट्रोलचा वास स्वयंपाकघरात येतो, उन्हानं सगळं उडून जाईल, म्हणून कपड्यांचा साबण मीच त्या भोकात घासून बसवला होता. टाकी गळली की लोक साबण लावतात, तेवढंच मला ठाऊक.

बाबा म्हणाले, "काहून वं, आता बोल नं. मेकॅनिकले तर लई बोलली होती तू."

मी केसातली पिन काढून भोक मोकळं केलं, झाकण पुसलं. कामठीला जाऊन आलो, परत गेलो, परत आलो. एक गचका नाही. लाज, आनंद, सगळं एकदम होऊन मी रडले, आणि रडता रडता बाबांना हॉर्न वाजवायला सांगत होते.

पौर्णिमेला ऐन दुपारी आम्ही त्या गल्लीत शिरलो. मधोमध, सगळ्यात मोठ्या ओट्यासमोर, बाबांनी चावी बंद केली. ओट्यावरचे म्हातारे मालक उठून पुढे आले, बाबांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "गाडी बंद पडली का जी?"

"नाही जी," बाबा म्हणाले. "मीच बंद केली."

मग त्यांनी चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली.