टोंगळ्यासाठी ठेवलेले पैसे

जन्मभर शाळेत व्याज शिकवले, पण स्वतःच्या पैशांच्या बाबतीत मी धानवालाच राहिलो. याचा मला आजही राग येतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ आमची थोडी धानाची शेती. मळणी झाली की भाव पडतात, म्हणून धान ढोलीत भरायचे, बांबूच्या त्या भल्यामोठ्या कणगीला शेणमातीने लिंपायचे आणि आखाडीपर्यंत, म्हणजे आषाढापर्यंत, हात लावायचा नाही. तोवर इतरांचे धान संपते आणि भाव आपल्या पायांनी घरी येतो. बापाने हेच केले, मीही केले.

मी निवृत्त झालो तेव्हा बायकोचा उजवा टोंगळा, म्हणजे गुडघा, पार झिजला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला. खर्चाएवढे पैसे मी बाजूला काढले. तिथेच ऑपरेशन करून मोकळा झालो असतो! पण बँकेचे व्याज तेव्हा अगदीच मामुली, आणि तेलाचा डबा नि गॅस रोज महागत होते. पैसे नुसते पडून झिजतील असे वाटले. गोंदियातल्या एका एजंटाने समजावले, "सरजी, लाँग टर्म सोचिए." मी सगळे शेअर बाजाराच्या फंडात टाकले. थोडे वाढू देत, मग पाय करू, असे बायकोला सांगितले.

काही महिन्यांतच कुठेतरी लढाई पेटली आणि बाजार कोसळला. पडत्या भावात विकायचे नाही, हे अंगात मुरलेले. महागाई आवरायला बँकांनी व्याज वाढवले, तेव्हा माझ्या बरोबरीचे मास्तर रांगा लावून ठेवी करत होते आणि मी मोबाइलवर लाल आकडे बघत बसलो होतो. पुढे बाजार सावरला. माझे पैसे भरून आले, वर थोडे जास्तच. तेव्हा तरी काढावेत ना? नाही. मला आखाडीचा भाव हवा होता. बाजार पुन्हा घसरला तेव्हा घाबरून सगळे विकले आणि बँकेत गेलो. काउंटरवरच्या पोरीने सांगितले, व्याज मागच्याच महिन्यात कमी झाले. त्या दिवशी घरी येऊन मी विनाकारण बायकोवरच खेकसलो.

एवढ्या काळात दवाखान्याचा खर्च मात्र एकदाही खाली आला नाही. बायको आधी काठी घेऊन चालायची, मग भिंत धरून. बाजाराला जाणे तिने सोडले. मी ते रोज पाहत होतो, पण लक्ष आकड्यांत.

शेवटी नागपूरला गेलो. डॉक्टर म्हणाले, उजव्या पायाचा भार सोसून आता डावाही गेला आहे, दोन्ही करावे लागतील. माझ्याजवळ एकाचेच पैसे होते, तेही जेमतेम. मी बाहेर येऊन तिला महागाई, व्याज, लढाई, सगळे समजावू लागलो.

"धान ठेवला त भाव येते जी," ती म्हणाली. "माहा पाय ठेवून कोनता भाव येनार होता?"

उजवा पाय झाला. डावा ती अजूनही ओढत चालते, आणि मी तिच्यासमोर मोबाइल काढत नाही.