आपला कप आपण आणा

मी मूळचाच संशयी. भाजीवाल्याने वरची मेथी ताजी दाखवली की मी जुडीचा बुडखा बघतो. पूर्णेला स्टेशनच्या रस्त्यावर कॉफीचं दुकान टाकलं तेव्हा बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाकडं असं बघत जाऊ नका, दूध नासेल." मी तरी बघायचोच.

पहिला संशय आला तो कागदी कपांचा. दुकानामागची नाली दर आठवड्याला तुंबायची आणि उपसली की आमचेच कप वर यायचे. कप पुरवणारा म्हणाला, हे नवे घ्या, मातीत विरघळतात. मी त्यातला एक मागच्या कढीपत्त्याच्या बुडाशी पुरला. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. उकरून काढला तर कपावरची फुलं जशीच्या तशी. मी तो त्याच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "यात आता तूच कॉफी पी." तो पुन्हा फिरकला नाही.

मग स्टीलचे कप आणले. बायकोने ते धुवायला गरम पाण्याची सोय केली, कॉफीचा चोथा कढीपत्त्याला जाऊ लागला, नाली वाहती झाली. माझा मलाच अभिमान वाटायला लागला. तो आठ-दहा दिवस टिकला, कारण त्यानंतर कप कमी व्हायला लागले.

रोज संध्याकाळी मी मांडणीवरचे कप मोजायचो. आज एक कमी, परवा दोन. नवे आणले, तेही आटले. कुणी कॉफी पीत असलं की माझं लक्ष त्याच्या पिशवीवर. "तुम्ही दुकानात बसलाय की नाक्यावर?" बायकोने विचारलं.

सगळ्यात जास्त नजर होती ती एका म्हातारबाबांवर. त्यांचा मुलगा रेल्वेत, त्याच्याकडे ते गावाकडून राहायला आलेले. रोज चारच्या सुमाराला यायचे. अंगावर धोतर-सदरा, खांद्याला कापडी पिशवी. खेड्यातला म्हातारा माणूस चहा सोडून कॉफी पितो, इथंच मला शंका आली होती. त्यात ते कॉफी संपली की कप उलटा करून त्याचं बूड निरखायचे. कपाला असं कुणी बघतं का? मी मनात ठरवून टाकलं, हाच तो.

पण तोंडावर कसं बोलणार? म्हणून पाटी लावली. 'आपला कप आपण आणा, पर्यावरण वाचवा. कप आणणाऱ्यास कॉफी जास्त.' बायको खूश झाली. कॉलेजच्या मुली रंगीबेरंगी मग घेऊन यायला लागल्या, पाटीजवळ उभं राहून फोटो काढायला लागल्या. पाटीचं खरं कारण फक्त मला ठाऊक होतं.

पाटी लावली त्याच दिवशी चार वाजता म्हातारबाबा आले. दारातच थांबले, अक्षराला अक्षर लावत पाटी वाचली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि माघारी वळले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही नाहीत.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "पाटी वाचली आणि पळाला."

कप मात्र जातच राहिले. मी म्हणालो, आता दुसऱ्या कुणाला पाठवत असतील. मग एका दुपारी स्टेशनवर गाडीची घोषणा झाली आणि एक बाई लेकरू काखेत मारून, अर्धी कॉफी हातात तशीच धरून, आमच्या कपासकट धावत सुटली. मी दारात उभा राहून बघत राहिलो. जंक्शनच्या रस्त्यावर कॉफी विकणाऱ्याला एवढं साधं सुचलं नव्हतं. चोर कुणीच नव्हता, कप गाडीने जात होते.

त्या दिवशी मी पाटी काढली. चार वाजले की दाराकडं बघायची सवय लागली, पण म्हातारबाबा काही आले नाहीत. शेवटी आठवडी बाजारात दिसले, वांगी निवडत होते.

"मामा, दिसत नाही तुम्ही."

"व्हत न्हाई आता रोज रोज," ते वांग्यांकडंच बघत म्हणाले.

"आमचं काही चुकलं का?"

त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं आणि मला गर्दीतून बाजूला नेलं.

"मालक, एक इचारतो. आमच्या गावचं कोन आलतं दुकानात?"

"कुणीच नाही."

"खरं सांगा. कुनीतरी सांगितलं असंल तुमाला, मी कोन, गावात कुटं राहायचो."

मला काही कळेना. मग त्यांनीच आवाज खाली आणला.

"आमच्या गावात हाटेल हाय. आमच्या लोकांचे कप तिथं भाईर, वळचनीला खोचलेले. आपला आपन काढायचा, आपन धुवायचा, परत तिथंच खोचायचा. वरून चा वतायचे. तुमच्याकडं कागदाचे कप व्हते, ते सगळ्यांलाच. स्टीलचे आनले तवा मी भेलो. तर तुमी ढिगातलाच एक उचलून दिला. मी रोज उलटा करून बगायचो, खाली काई खून केलीय का. कदीच नव्हती. मंग पाटी लागली."

लहानपणी मीही हॉटेलाबाहेर असे खोचलेले कप बघितले होते आणि बघून पुढं गेलो होतो. एवढ्या सुवाच्य अक्षरात पाटी लिहिताना त्यातलं काहीच आठवलं नाही. लाज वाटली, फार वाटली.

"देवाशप्पथ मामा, कुणी आलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. पाटी सगळ्यांसाठीच होती. ते आपलं... पर्यावरण..."

ते माझ्याकडं बघत राहिले. संशयाची नजर मला लांबूनही ओळखू येते, पण ती आपल्यावर कशी टोचते ते तेव्हा कळलं. पुढं खोटं बोलवेना.

"कप जात होते," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्हीच नेताय. तुम्हाला तोंडावर बोलता येईना, म्हणून पाटी लावली."

"म्हंजी तुमी मला चोर समजायलालता?"

मी मान डोलावली. आता शिव्या येतील म्हणून उभा राहिलो. पण म्हातारबाबांचा चेहरा सैल झाला. ते चक्क हसले.

"मंग तसं मनायचं की! चोर मनला असता तर लय भांडलो असतो, पिशवी उलटी करून दाखवली असती, अन् दुसऱ्या दिवशी परत आलो असतो."

हसतच ते वांग्यांकडं गेले.